भिंतीखालची कर्दळ

राजूरच्या पुढे, धरणाच्या रस्त्याला गेल्या दहा-बारा वर्षांत जे बंगले उगवले, त्यांतल्या निम्म्यांच्या बागा लंकाबाईच्या हातच्या आहेत. तिची बाग ओळखायला पाटी लागत नाही. आवारात हिरवळ नसते. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात तिथे हातभर रुंदीचा खडीचा पट्टा असतो, म्हणजे चिखल उडून भिंती माखत नाहीत. पायवाटेच्या दगडांवर टाकीचे घाव घातलेले असतात, कारण शेवाळावरून घसरून कंबर मोडलेली माणसं या मुलखात काही कमी नाहीत. गुलाब, मोगरा उंच वाफ्यावर. अळू, सोनटक्का खोलगट ओलीच्या जागेत. आणि उतार अडवणारी भिंत असेल तर तिच्या पायथ्याशी कर्दळ. एखादी रांग नव्हे, चांगली तीन हात रुंद आणि दाट. तिथे माणसाला बसायला काय, उभं राहायलाही जागा उरत नाही.

लोक तिला 'लंकाबाईची कर्दळ' म्हणतात. मध्ये पुण्याहून बागांचं शास्त्र शिकवणारे एक मास्तर पोरांना घेऊन आले होते. त्यांनी फोटो काढले आणि पोरांना सांगितलं, की उंच दगडी भिंतीचा रुक्षपणा कमी करायची ही फार सुंदर युक्ती आहे. मग लंकाबाईला विचारलं, "हे तुम्हाला कसं सुचलं?"

"बरी दिसती," लंकाबाई म्हणाली.

ती खोटं बोलली. एरवी खोटं बोलणारी बाई नाही ती. उलट गिऱ्हाइकाला तोंडावर सांगेल, की तुमची हिरवळ इथे चार महिने कुजेल आणि चार महिने वाळेल, मग फोटो कधी काढणार? शहरातल्या माणसाला बाग म्हटलं की आधी हिरवळ, मग कारंजं आणि मग झोपाळा सुचतो. इथे आभाळातूनच एवढं येतं, की त्यात कारंजं बसवणाऱ्याच्या अकलेला हात जोडावेत. लंकाबाई सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "तुमाला काय पायजे ते मागनं सांगा. आदी पान्याला काय पायजे ते बघू."

तिची रीत ठरलेली आहे. एक पावसाळा बघितल्याशिवाय ती कुदळ मारू देत नाही. मुसळधार पावसात ती जागेवर जाते, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, काखेत लाल चिंध्या बांधलेल्या काड्यांची मोळी. पाणी कुठून शिरतं, कुठे वळतं, कुठे थबकतं ते बघत फिरते आणि वाटेवर काड्या रोवत जाते. दिवाळीनंतर काम सुरू होतं ते त्या काड्यांवरून. नाशिकच्या एका गृहस्थाचा दिवाणखाना तिने असाच चार हात सरकवायला लावला. तो चिडला, पण पुढच्या आषाढात शेजाऱ्याच्या सोफ्याखालून ओहोळ वाहताना बघून स्वतः पेढे घेऊन आला. लोकांना वाटतं, या बाईला पाण्याचं उपजत ज्ञान आहे. तसं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती.

लंकाबाई या पावसातली नव्हेच. ती पाथर्डीच्या बाजूची. तिकडे पाऊस येतो तो पाहुण्यासारखा, चहा घेण्याआधी निघून जातो. तिचा बाप गहिनीनाथ याने शेताच्या कडेला हाताने एक तळं खोदलं होतं. एका वर्षी त्यात पाणी साठलं आणि बांधाला खेकड्याच्या बिळातून गळती लागली. घरातली मोठी माणसं नुसतीच धावत सुटली. लंका सात वर्षांची, हात बारीक. तिने आईच्या लुगड्याची चिंधी मातीत कालवली आणि खांद्यापर्यंत हात घालून बिळात कोंबली. गळती थांबली. संध्याकाळी बाप चार माणसांत म्हणाला, "माझ्या पोरीनं तळं राखलं." एवढं कौतुक तिच्या वाट्याला आयुष्यात पुन्हा कधी आलं नाही.

पुढे अंगदशी लग्न झालं आणि दहा वर्षं दोघांनी ऊसतोड केली. तिथल्याच एका ओळखीने अकोले तालुक्यातल्या डोंगरात बंगला राखायचं काम लागलं. बंगला नाशिकच्या एका साहेबांचा, राजूरपासून थोडा पुढे करवंदवाडीत. उतारावर दीड पुरुष उंचीची दगडी भिंत बांधून वरची जमीन सपाट केलेली. वरती बाग, भिंतीखाली सहादेव आणि कडूबाई या वाडीतल्या नवरा-बायकोचं घर. भिंतीत पाणी जायला बारा नळ्या ठेवलेल्या होत्या. तिसऱ्या नळीखाली कडूबाईचा भांडी घासायचा दगड. पावसाळाभर ती नळीच्याच पाण्यावर भांडी घासायची.

कडूबाईने या परक्या बाईला पहिल्या आठवड्यातच आपलं केलं. कोरड्या देशावरून आलेली म्हणून तिला 'देशाची' अशी हाक मारायची. अळूची कुठली पानं खाजत नाहीत ते दाखवायची, चुलीवर ओली लाकडं कशी सुकवायची ते शिकवायची. पावसात पांघरायचं स्वतःचं जुनं इरलं तिने लंकाबाईला दिलं. पहिल्या आषाढात लंकाबाई दारात उभी राहून आ वासून आभाळाकडे बघत होती, तेव्हा कडूबाई खालून हसून म्हणाली, "अगं देशाची, आमच्याकडं पावसाला कुनी थांब म्हनत न्हाई."

लंकाबाईला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. तिला दिसत होतं एवढंच, की बारा नळ्यांतून दिवसरात्र पाणी वाया चाललंय. नुसतं पाणी नव्हे. साहेबांनी ट्रॉलीने आणून टाकलेली माती त्यातून लाल होऊन वाहत होती, मोगऱ्याची मुळं उघडी पडत होती. शिवाय चैत्रात याच करवंदवाडीतल्या बाया हंडे घेऊन दरीत उतरतात, हे तिने आल्या आल्या बघितलं होतं. एवढं पाणी हातचं जाऊ देतात आणि मग चैत्रात रडतात, या लोकांना अक्कल कशी नाही, असं तिच्या मनात आलं. जमिनीत मुरलं तर झाडांना होईल, खालच्या झऱ्यालाही होईल.

आषाढातल्या शेवटच्या सोमवारी अंगद राजूरच्या बाजाराला गेला होता. कडूबाई आणि सहादेव भाताच्या आवणीला. लंकाबाईने ट्रंकेतून आईचं हिरव्या काठाचं जुनं लुगडं काढलं, फाडून त्याच्या बारा चिंध्या केल्या, चिकणमातीत कालवल्या, आणि शिडी लावून एकेका नळीत काठीने ठासल्या. बारावी नळी बंद झाली तेव्हा तिला फार बरं वाटलं. आज बाप असता तर काय म्हणाला असता, हे आठवून तिला हसूही आलं.

भिंत पडली ती आठव्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला. लंकाबाई वर पालापाचोळा काढत होती. आवाज मोठा झाला नाही. पायाखालची जमीन जड श्वास सोडावा तशी खचली आणि भिंत मध्यावरून पुढे सुटली. कडूबाई आपल्या दगडावर पाठमोरी बसून पिंपातल्या पाण्याने भांडी घासत होती. तिने वळून बघितलंही नाही, तेवढा वेळच मिळाला नाही.

वाडी गोळा झाली. सगळ्यांबरोबर लंकाबाईही हातांनी दगड उचलत होती. त्या ढिगात तिला एक फुटकी नळी सापडली, आत हिरवा काठ. तिने चिंधी ओढून काढली आणि कमरेला खोचली. कोणी बघितलं नाही. तलाठी आले, पंचनाम्यात अतिवृष्टी लिहून गेले. चौदा वर्षांच्या पोरीला राजूरच्या शाळेतून जीपने आणलं होतं. ती पोर, स्नेहल, भिंतीकडे बघत उभी होती आणि तिचा बाप सहादेव पडवीत खांबाला टेकून बसला होता. त्याने डोळ्यातून टिपूस काढलं नाही. लंकाबाईला वाटलं, आत्ता सांगावं. तिने तोंड उघडलं आणि मोठ्याने रडली. बायांनी तिला जवळ घेतलं, कडूबाईची मैत्रीण म्हणून.

साहेबांनी बंगला टाकून दिला. अंगद-लंकाबाईने राजूरच्या कडेला जागा घेऊन रोपांची नर्सरी टाकली. त्यानंतरच्या पावसाळ्यात एका बंगल्यावर रोपं लावायला ती गेली. जोराची सर आली म्हणून आडोशाला उभी राहिली आणि समोर, भिंतीच्या पायथ्याशी, तिला कडूबाई दिसली. पाठमोरी, भांडी घासत असलेली. पदर कमरेला खोचलेला, कोपर हलतंय. तोंड वळवलं नाही.

ती कोणाजवळ बोलली नाही, पण तापाने फणफणली. अंगदने देवऋषी केला. त्याने लिंबू उतरवलं, दंडाला दोरा बांधला, वाटेतलं काहीतरी लागलं म्हणाला. लंकाबाईने दोरा बांधून घेतला. काय लागलंय ते तिला ठाऊक होतं आणि ते वाटेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती त्या बंगल्यावर परत गेली आणि भिंतीखाली, नेमक्या त्या जागी, कर्दळीचे कंद पुरले. दाटीवाटीने पुरले. बसायला जागाच ठेवली नाही. महिन्याभरात कर्दळ माजली आणि तिथे कडूबाई दिसायची थांबली. पुढच्या गावच्या भिंतीखाली मात्र दिसली. मग तिथेही कर्दळ लावली. अकरा वर्षं हे असं चाललंय. प्रत्येक भिंतीत ती गवंड्याने सांगितलेल्याच्या दुप्पट नळ्या ठेवते, मागे खडीचा थर स्वतः भरते आणि पावसात पाणी बघत फिरते. लोक म्हणतात, कामात बाई फार चोख. भीतीने केलेलं काम लोकांना चोखच दिसतं.

करवंदवाडीला मात्र ती पुन्हा गेली नव्हती. जीप त्या फाट्यावरून जायची तेव्हा ती दुसरीकडे बघायची.

गेल्या श्रावणात एका सकाळी नर्सरीच्या दारात स्कूटी थांबली. रेनकोट काढून एक पंचविशीची मुलगी आत आली. "मावशी, ओळखलं का? मी स्नेहल. करवंदवाडीची."

लंकाबाईच्या हातातली रोपाची पिशवी खाली पडली. मुलगी संगमनेरला एका दवाखान्यात नर्स होती. वाडीत जुन्या घराच्या जागी तिने दोन खोल्या बांधल्या होत्या. मागचा उतार तसाच खचलेला, घाणेरी माजलेली. दर पावसात माती अंगणात येते. तिथे भिंत घालून बाग करायची होती.

"कुनालाबी सांग गं, हनुमंत गवंडी चांगला हाय," लंकाबाई म्हणाली. "मला ह्या वर्षी सवड न्हाई."

"हनुमंतकाकांनीच तुमचं नाव सांगितलं. आणि तुम्ही आईला ओळखत होतात." स्नेहल तिथल्या पोत्यावर बसली. "माझ्यासाठी नाही, मावशी. बापूंसाठी. बापू अकरा वर्षांत मागच्या अंगणात गेलेले नाहीत. आई गेली त्याच्या आधी उन्हाळ्यात, तिला भात वाळवायला जागा पुरत नाही म्हणून त्यांनी भिंतीलगतची दोन हात माती काढली होती. त्यांना वाटतं, त्यानेच भिंत पडली. मला परवापरवा सांगितलं. म्हणाले, तुझ्या आईला मीच मारलं. बाग झाली तर निदान तिकडे बघतील तरी."

लंकाबाईने पडलेली पिशवी उचलली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की हे ओझं एकटीचं आहे आणि ते तिने वाहिलं की संपलं. दुसरंच कोणीतरी ते तिच्या वाटणीचं वाहत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिला स्वतःची फार लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर त्या लाजेच्या खाली, अगदी तळाशी, थोडं हायसंही वाटलं, की चला, कोणाला आपला संशय नाही. या हायसं वाटण्याची तिला पुढे कित्येक दिवस शिसारी आली.

"येते," ती म्हणाली.

चार दिवसांनी, पाऊस धरून असताना, ती काड्यांची मोळी घेऊन करवंदवाडीला गेली. सहादेव पडवीत बसला होता. केस पांढरे झालेले, पाठ वाकलेली. "या," एवढंच म्हणाला. ती मागे गेली. घाणेरीतून पाणी वाट काढत होतं. तिने काड्या रोवायला घेतल्या. कडूबाई तिथेच होती. तिसरी नळी जिथे होती त्याच्या खाली, पाठमोरी. लंकाबाईने काम संपेपर्यंत मान वर केली नाही.

तिने ठरवलं होतं, दिवाळीनंतर भिंत घालायची, पाच हात रुंद कर्दळ लावायची आणि सुटायचं. सांगून आता कोणाचं काय भलं होणार? गेलेली बाई परत येणार नाही. सहादेवला म्हणावं, दोन हात मातीने भिंत पडत नसते, पाऊसच तसा होता. तो ऐकेल. लंकाबाईचा शब्द आता या भागात ऐकला जातो. अशी मनाची समजूत घालत तिने तीन महिने काढले.

मार्गशीर्षात काम सुरू झालं. आभाळ निळंशार, हवेत गारवा, खालच्या खाचरांत भाताची कापणी उरकलेली. हनुमंत गवंडी नव्या पायासाठी चर खणत होता. दोन हात खोलीवर त्याची पहार दगडावर वाजली. माती बाजूला केली तर खाली जुन्या भिंतीचा पाया. एका ओळीत, कातळावर बसवलेला. हनुमंतने ओळंबा लावला आणि तोंडात बोट घातलं.

"लंकाबाई, हा तर केसभर सरकला न्हाई. आमाला वाटायचं पायाच सुटला. मंग भिंत पडली कशानं?"

"पाऊस," लंकाबाई म्हणाली.

"पाऊस तर दरसालचाच की."

पडवीतून सहादेवचा आवाज आला, "काय म्हनतोय त्यो?"

लंकाबाईला तो क्षण स्पष्ट आठवतो. हातात घमेलं होतं. घमेल्यातली माती त्या पायावर टाकली असती तर कोणी काही म्हटलं नसतं. नवा पाया त्यावरच येणार होता, पुन्हा ते कोणाच्या दृष्टीला पडलं नसतं. तिने घमेलं खाली ठेवलं. हनुमंतला खडीचा टेम्पो कुठवर आला ते बघायला फाट्यावर पाठवलं आणि पडवीकडे तोंड करून म्हणाली, "भाऊ, हिकडं या."

"मी हितंच बरा हाय."

"न्हाई. तुमी बघायला पायजे."

सहादेव उठला. भिंतीला हात धरत, पायरी-पायरीने तो मागच्या अंगणात आला आणि चराच्या काठावर उभा राहिला. चराकडे न बघता आभाळाकडे बघत राहिला.

"हा जुना पाया," लंकाबाई म्हणाली. "कातळावर बसलाय. हलल्याला न्हाई एक चिरा. तुमी माती काढली ती ह्याच्या फुडची. तिचा नि भिंतीचा काय बी संबंध न्हाई. भिंत पोटातनं फुटली. मागं पानी तुंबलं म्हनून फुटली."

"तुंबंल कसं? नळ्या हुत्या की."

"नळ्या मी बुजवल्या हुत्या."

तिने कमरेच्या पिशवीतून इतकी वर्षं जवळ बाळगलेली हिरव्या काठाची चिंधी काढली आणि चराच्या काठावर ठेवली. माती वाळून तिचं लाकूड झालं होतं. मग तिने सगळं सांगितलं. बापाचं तळं, मोगऱ्याची मुळं, बारा चिंध्या, शिडी. ढिगातून ही चिंधी उचलली तेही सांगितलं. रडली नाही. रडून एकदा सुटका करून घेतली होती, तशी आता घ्यायची नव्हती.

सहादेव मातीच्या ढिगावर बसला. त्याने विचारलं, "कवा बुजवल्या?"

"आषाढाच्या शेवटच्या सोमवारी."

त्याने बोटांवर दिवस मोजले. "मंग ती गुरवारी म्हनली," तो म्हणाला. आवाज इतका हळू, की लंकाबाईला जवळ जावं लागलं. "म्हनली, नळ्या आटल्यात वं. एवढा पाऊस नि नळीला थेंब न्हाई. वर जाऊन देशाचीला सांगा, कायतरी अडकलंय. मी म्हनलं, बरं झालं की. अंगन कोरडं ऱ्हातंय. कशाला सांगायचं?"

खाली खाचरात कोणीतरी बैलांना हाकत होतं.

"अकरा वर्सं मला वाटायचं, मातीनं मारली," सहादेव म्हणाला. "आज तुमी म्हनता, मातीनं न्हाई. बरं. पर ती सांगत हुती नि मी ऐकलं न्हाई, ते कुठं ठिवू?"

लंकाबाई आली होती त्याचं ओझं उतरवायला आणि एक काढून दुसरं ठेवून बसली होती. उठताना सहादेवने चिंधी उचलून तिच्या हातात दिली. "पोरीला तुमी सांगा. मला जमायचं न्हाई," म्हणाला.

रविवारी स्नेहल आली. चुलीजवळ बसून तिने सगळं ऐकून घेतलं. ऐकून झाल्यावर मागच्या दाराने बाहेर गेली. लंकाबाई तशीच बसून राहिली. चुलीवरचा चहा उकळून उकळून काळा झाला, कोणी उतरवला नाही. आता वाडीला कळणार, राजूरला कळणार, नर्सरी बंद होणार, अंगदला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. यातलं काहीही झालं तरी ते बरोबरच असेल, असं तिला वाटत होतं.

स्नेहल आत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "बाग तुम्हीच करायची," ती म्हणाली. "पण कर्दळ नको."

लंकाबाईने वर बघितलं.

"सगळ्यांच्या भिंतीखाली लावता ती. इथे नको. इथे आईचा दगड बसवा, भांडी घासायचा. तिसऱ्या नळीखाली, होता तिथेच. सुट्टी असेल तेव्हा मी तिथे बसणार आहे."

"भिंतीखाली नगं बसू, पोरी."

"बसणार," स्नेहल म्हणाली. "म्हणजे तुम्ही नळ्या नीट बघाल."

तिने वाडीला सांगितलं नाही, राजूरलाही नाही. त्या दिवसापासून ती लंकाबाईशी कामापुरतं बोलते. मावशी म्हणते, पण पाणी विचारत नाही. अंगदला लंकाबाईने स्वतःच सांगितलं. तो दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी टेम्पोत खडी भरून करवंदवाडीला टाकून आला. त्यावर नवरा-बायकोत पुन्हा बोलणं झालेलं नाही.

भिंत उभी राहिली. चोवीस नळ्या ठेवल्या. मागे हातभर जाडीचा खडीचा थर, खडीच्या मागे दगडगोटे. वरचं पाणी भिंतीपर्यंत येऊच नये म्हणून उतारावर दगडी पाट काढला, वळणावळणाने, काड्यांनी दाखवला तसा. उतारावर वाळा लावला, पाटाच्या कडेला तेरडा आणि नेचे. घराच्या बाजूने उंच वाफ्यात मोगरा. दगड मातीत गाडलेला सापडला, एका कोपऱ्याला तुटलेला. तो हनुमंतने तिसऱ्या नळीखाली बसवला. अशी उघडी, मोकळी भिंत लंकाबाईने अकरा वर्षांत केली नव्हती. दगड बसवला त्या दिवशी तिला धड झोप लागली नाही.

या वर्षी आषाढापासून ती दर चार दिवसांनी करवंदवाडीला जाते. कोणी बोलावत नाही. अंगद फाट्यावर सोडतो. सहादेव भिंतीशी उभा असतो, हातात बांबूची लांब काठी. तो एकेका नळीत काठी घालून बघतो. कडेकडेने लंकाबाई चालते. चोविसांतून पाणी येतंय असं दिसलं, की ती परत फिरते.

श्रावणातल्या एका दुपारी तीनच्या सुमाराला ती अशीच गेली. पाऊस दणकून लागला होता, समोरचं दिसत नव्हतं. घराला वळसा घालून ती मागे आली आणि जागीच थिजली. तिसऱ्या नळीखाली बाई बसली होती. पाठमोरी. पदर कमरेला खोचलेला, कोपर हलतंय, नळीचं पाणी भांड्यांवर पडतंय. भिंतीकडे बघावं की बाईकडे, कळेना. तिने पहिल्यांदाच नजर काढून घेतली नाही. बघत राहिली.

बाईने मान वळवली. स्नेहल होती. पावसाने निथळलेला चेहरा, हुबेहूब आईचा.

"मावशी," ती म्हणाली, "सातवी बारीक चाललीय."

लंकाबाईने पलीकडे भिंतीशी उभ्या सहादेवच्या हातातली काठी घेतली आणि सातव्या नळीकडे गेली.